सहीसाठी लागलेली रांग

(दृश्य: पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल. लांब टेबलं, त्यांवर मेणाचे ठोकळे, कार्व्हर, मोजपट्ट्या.)

बीडीएसचं, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीचं पहिलं वर्ष. नीटसाठी पुस्तकात डोकं घालून बसलेल्या मुलांसमोर इथे मेणाचा ठोकळा येतो आणि सांगितलं जातं, यातून दात कोरा. वरचा मधला पटाशीचा दात घ्या. पुस्तकातलं माप असं: मुकुटाची उंची 10.5 मिलिमीटर, रुंदी 8.5, मूळ 13. कार्व्हर जरा जोरात फिरला की कडेचा कोपरा उडतो. मग नवा ठोकळा.

शेजारी-शेजारी बसलेली ही दोघं बघा. तिचा हा तिसरा ठोकळा. दोनदा खरवडलं की पट्टी लावते, दात उजेडाकडे धरते, शेजारच्याचा बघते, पुन्हा पट्टी. त्याचा दात झालासुद्धा. मूळ थोडं जाड राहिलंय, ते त्यालाही दिसतंय. "चालतंय की," म्हणतो आणि कँटीनला कोण येतंय विचारतो.

वर्गानं केव्हाच ठरवून टाकलंय. ती टेन्शनवाली, तो बिनधास्त. ताण येतो तो स्वभावातून, आणि स्वभावाला औषध नाही.

(दृश्य: जुन्या दवाखान्यातल्या प्रतीक्षा खोलीतल्या खुर्च्या.)

असंच काहीसं 1950 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी मांडलं होतं. मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन. फ्रीडमन सांगत, त्यांच्या प्रतीक्षा खोलीतल्या खुर्च्या पुढच्या कडेलाच झिजायच्या. पेशंट टेकून बसतच नव्हते, कडेवर बसून नंबराची वाट बघत होते. घाई, चढाओढ, सतत घड्याळाकडे लक्ष, अशा माणसांना हृदयविकाराचा धोका जास्त, असं म्हणत त्यांनी नाव दिलं टाइप ए. निवांत ते टाइप बी. ही विभागणी जगभर पसरली. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांवरही तिच्या प्रश्नावल्या चालवून झाल्या.

पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. या संशोधनाला नंतर सिगारेट कंपन्यांनी भरपूर पैसा पुरवला. हिशोब सरळ होता. हृदयविकाराचा दोष माणसाच्या स्वभावावर गेला, तर सिगारेट सुटली. आणि नंतरच्या अभ्यासांत घाईपेक्षा मनात धुमसणारा राग जास्त घातक ठरला, टाइप ए ही ढोबळ विभागणी टिकली नाही. आपल्याकडे तर दिवसभर खर्रा आणि गुटख्यानं आखडलेली तोंडं उघडायला लावणारी ही मुलं. तंबाखूवाल्यांची ही चलाखी निदान त्यांना तरी ठाऊक असायला हवी.

स्वभावाचा काहीच संबंध नाही, असं नव्हे. मानसशास्त्र आज प्रामुख्यानं पाच गुण मोजतं. त्यातल्या मनाच्या अस्थिरतेचा, म्हणजे चटकन काळजीत पडण्याचा, ताणाशी संबंध पुन्हा पुन्हा दिसून आलाय. काटेकोरपणाची गत जरा गुंतागुंतीची आहे. काटेकोर मुलाचं जर्नल वेळेवर पूर्ण असतं, त्याचा त्याला फायदाच होतो. पण पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार वेगळे केले: स्वतःकडून निर्दोष कामाची अपेक्षा, दुसऱ्याकडून तशी अपेक्षा, आणि तिसरा, जगाला माझ्याकडून निर्दोषच हवंय ही खात्री. माणसाला जास्त पोखरतो तो हा तिसरा प्रकार.

पटाशीचा दात तिसऱ्यांदा कोरणारी ही मुलगी नेमकी कुठल्या प्रकारातली? ती स्वतःसाठी कोरतेय की समोरून येणाऱ्या मॅडमसाठी? लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

(दृश्य: तिसरं वर्ष. ओपीडी. खुर्च्यांची ओळ, एअर रोटरचा आवाज.)

तिसऱ्या वर्षी मेण सुटतं आणि जिवंत माणूस येतो. एअर रोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, मिनिटाला 3 लाखांहून जास्त वेळा फिरतं. वरच्या दाढेवर काम करताना नजर आरशात, म्हणजे दिसतं ते उलटं. जीभ मध्ये येते, लाळ साचते, पेशंट मान वळवतो. पहिल्या वर्षीच्या त्या बिनधास्त मुलाच्याही कपाळावर इथे घाम आहे.

आणि इथेच भेटतो कोटा. इतक्या फिलिंग, इतके दात काढायचे, इतक्या कवळ्या. कोटा भरला नाही तर परीक्षेला बसता येईल की नाही, यावर जीव टांगणीला.

कवळीचंच घ्या. आधी एकही दात नसलेला माणूस शोधायचा. होस्टेलच्या वॉचमनचे वडील, मेसवाल्या मावशींच्या सासूबाई, कुणाचे तरी गावचे आजोबा. पहिल्या दिवशी प्राथमिक माप. मग ट्रे बनवायचा, हिरवी कंपाउंडची कांडी ज्योतीवर मऊ करून, पाण्यात जराशी निववून ट्रेच्या कडेला लावायची. ट्रे तोंडात, गाल आणि ओठ हलवून कडेचा आकार घ्यायचा, मग दुसरं माप. त्यानंतर जबड्यांचा मेळ, मेणात दात बसवून चाचणी आणि शेवटी कवळी हातात. चार-पाच खेपा तरी होतात, आणि प्रत्येक टप्प्यावर सरांची नाहीतर मॅडमची सही. सही नाही, तर पुढे जाणं नाही.

"आजोबा, उद्या याल ना? गाडीभाडं मी देते."

"बघू गं पोरी. उद्या बाजार आहे."

चाचणीपर्यंत आलेले आजोबा अशा वेळी यायचे थांबतात. मग फोनवर दातांच्या कण्या करायच्या, आणि तरी नाहीच आले तर नवे आजोबा आणि पुन्हा पहिलं माप. कित्येक मुलं पेशंटचं भाडं आणि केसपेपरचे पैसे स्वतःच्या खिशातून भरतात. घरी हे सांगत नाहीत. घरी आधीच एमबीबीएस हुकल्याचं थोडं तरी दुखणं असतं.

(दृश्य: हातात ट्रे आणि रेकॉर्ड बुक घेऊन उभे विद्यार्थी.)

आता ही रांग बघा. फिलिंगसाठी दातात कॅव्हिटी, म्हणजे खळगा, कोरून झालाय, पेशंट तोंड उघडं ठेवून खुर्चीवर, आणि डॉक्टर व्हायला निघालेला मुलगा सहीसाठी उभा. एक सर म्हणतात, कॅव्हिटी छान आहे. ते मीटिंगला जातात. दुसरे येतात, तीच कॅव्हिटी बघतात आणि म्हणतात, "हे कोणी शिकवलं तुला?" तेही पेशंटसमोर. आजी डोळे किलकिले करून दोघांकडे आळीपाळीनं बघतात. त्या मुलाच्या मनात काय होत असेल, ते विचारायची गरज नाही.

दंतशिक्षणातला ताण मोजणारी एक प्रसिद्ध प्रश्नावली आहे. गार्बी, झुकर आणि सेल्बी या अमेरिकन अभ्यासकांच्या 1980 च्या कामातून ती आली. तिच्यात परीक्षा आणि गुण आहेतच, पण जोडीला हेही आहे: पेशंट उशिरा येणं किंवा न येणं, कामाचा ठरलेला आकडा पूर्ण करणं, कामावर होणारी टीका, आणि एकाच कामावर वेगवेगळ्या शिक्षकांची वेगवेगळी मतं. यातली एकही गोष्ट विद्यार्थ्याच्या स्वभावात बसलेली नाही. 40 हून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत लिहिलेली ही यादी आपल्या कुठल्याही ओपीडीत वाचून दाखवा, माना डोलतील.

स्वभाव आणि ताण यांची सांगड घालणाऱ्या अभ्यासांत आणखी एक गोम असते. दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यालाच विचारून मोजल्या जातात, बहुधा एकाच बैठकीत. 'मी लवकर अस्वस्थ होतो' हे वाक्य स्वभावाच्या फॉर्ममध्ये. 'गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा अस्वस्थ वाटलं' हे ताणाच्या फॉर्ममध्ये. दोन्हींना एकच माणूस एकाच मनःस्थितीत खुणा करणार आणि दोन्हींचा मेळ बसणार. त्यात फॉर्म टर्मिनल परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाटला असेल तर विचारायलाच नको. असा निकाल वाचून मुलांना फक्त योग आणि वेळेचं नियोजन यांवर व्याख्यान देणं, हे मला सोयीचं औषध वाटतं. योगाला विरोध नाही. पण बाजारच्या दिवशी न आलेले आजोबा प्राणायामानं येत नाहीत.

ज्याला झोपच लागत नाही, खुर्चीजवळ जाताना हात कापतात, सगळं सोडून द्यावंसं वाटतं, त्यानं मात्र स्वभाव की व्यवस्था या वादात पडू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416, दिवसरात्र, मोफत, आणि मराठीतूनही बोलता येतं.

(दृश्य: विभागाच्या भिंतीवर लावलेला एक कागद.)

कोट्याला पर्याय आहेत. उत्तर अमेरिका आणि युरोपात 1990 च्या दशकापासून आकड्यांऐवजी क्षमता तपासण्याकडे कल वाढला, म्हणजे विद्यार्थी हे काम कुणाच्या मदतीशिवाय नीट करू शकतो का, हे बघायचं. आकडे तिथूनही पूर्ण गेलेले नाहीत, आणि दहा दात न काढता अकरावा चांगला निघेल असंही कुणी म्हणत नाही. आपल्याकडे तो बदल वरून, नियमांतून यावा लागेल. त्याला वेळ लागेल.

एक गोष्ट मात्र उद्या सकाळी करता येते. कॅव्हिटीत काय बघायचं, याचे पाच-सहा मुद्दे विभागातल्या सगळ्या शिक्षकांनी एकत्र बसून ठरवावेत आणि कागद भिंतीवर लावावा. खोली किती, भिंती कशा, कडा कुठे संपतात. सही करणाऱ्यानं त्यावर बोट ठेवून सांगावं, इथे चुकलं. विद्यार्थी काटेकोर असो की 'चालतंय की' म्हणणारा, दोघांना तोच कागद. आणि चूक सांगायची ती खुर्चीपासून चार पावलं लांब येऊन. आजींना ऐकू जायला नको.