वीतभर गाडीसाठी एक डोंगर

कोथरूडमधल्या एका सदनिकेचा हा दिवाणखाना. सोफा भिंतीला टेकवलेला आहे, आणि मधल्या मोकळ्या जागेत आठ फूट बाय चार फूट प्लायवूड मधोमध कापून मांडले आहे; दोन तुकडे अशासाठी, की पाहुणे आले तर ते उभे करून पलंगामागे सरकवता यावेत. बाहेर जुलैचा पाऊस आहे, टेकडीची वाट चिखलाने भरली आहे, म्हणून एक मामा आणि त्यांची भाची या प्लायवूडवर घरातच डोंगर रचत आहेत.

हा डोंगर ज्या गाडीसाठी आहे तिला क्रॉलर म्हणतात. रिमोटवर चालणाऱ्या इतर गाड्या धावण्यासाठी असतात, ही चढण्यासाठी असते, आणि तिची चाल माणसाच्या पावलापेक्षाही मंद असते. प्रमाण १:२४ असल्यामुळे लांबी वीतभर भरते, आणि दहा सेंटिमीटरचा दगड तिच्या लेखी २.४ मीटरचा शिलाखंड ठरतो. वळताना आसाच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी, म्हणजे डिफरन्शियल, तिच्या दोन्ही आसांवर कायमची जखडलेली असते, त्यामुळे एका आसाची दोन्ही चाके नेहमी बरोबरीनेच फिरतात. म्हणूनच एक चाक हवेत लटकले तरी दुसरे ओढत राहते. परंतु वळताना आतले चाक घासटते आणि वळण मोठे लागते. पहिल्या आराखड्यात मामांनी घाटाची वळणे गाडीच्या रुंदीला बेताची काढली होती, ती सगळी पुसावी लागली.

पुण्यात लहानपण गेलेल्या माणसाला डोंगर कसा रचावा हे शिकवावे लागत नाही. दिवाळीत विटा-दगडांच्या ढिगावर गोणपाट टाकून, त्यावर चिखल लिंपून, अळीव पेरून किल्ला केलेला असतोच. येथेही सांगाडा, त्यावर कापड आणि त्यावर लेप हाच क्रम आहे. फरक एवढाच, की दिवाळीचा किल्ला समोरून पाहायचा असतो आणि हा डोंगर चाकाखाली यायचा असतो, म्हणून मागची बाजू उघडी ठेवून भागत नाही.

सांगाड्याला फ्रिज आणि टीव्हीच्या खोक्यांतला थर्माकोल वापरला आहे. महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. वेष्टनातून घरात आलेला तुकडा कचऱ्यात जाण्याऐवजी येथे लागला, एवढेच. त्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या चढतात आणि त्या वाळल्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ हात फिरतो. हा क्रम मोडल्याची शिक्षा लगेच मिळते: कागद चढवण्याआधी मारलेल्या स्प्रे रंगातल्या द्रावकाने थर्माकोलचा एक अख्खा कडा खाऊन टाकला. कोरडे प्लास्टर भुकटी सोडते आणि ती गिअरमध्ये शिरते, म्हणून शेवटी पुन्हा पातळ फेव्हिकॉल लावून त्यावर चाळलेली बारीक वाळू भुरभुरवली आहे. हाताला ती पॉलिश पेपरसारखी लागते. रबर आणि असा पृष्ठभाग यांचा घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, एक धरला, तर ४५ अंशांच्या चढापर्यंत चाक घसरत नाही. गुळगुळीत रंगावर तीच गाडी त्याच्या बरीच आधी मागे येते.

खरी कसोटी मात्र उंचीची नाही. भाचीने गाडीची बाजू पुठ्ठ्यावर उतरवून कापून घेतली आहे, आणि कोणताही दगड चिकटवण्यापूर्वी हा पुठ्ठा त्यावरून सरकवला जातो. गाडी कोठे अडेल हे त्यात आधीच दिसते: चढाच्या तोंडाशी पुढचा बंपर टेकतो, की माथ्यावर चारही चाके जमिनीवर असताना पोटच टेकते. चाकाचा व्यास साधारण ५४ मिलिमीटर आहे. केवळ मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी २७ मिलिमीटरच्या, म्हणजे निम्म्या चाकाच्या, उभ्या पायरीशी थांबते. चारही चाकांना जोर असलेल्या या गाडीचे पुढचे चाक उभ्या भिंतीला धरून स्वतःला वर खेचते, म्हणून येथे ३५ मिलिमीटरची पायरी ठेवली आहे. त्याहून फसवा आहे तो पलीकडचा आडवा उतार. तो दिसायला सौम्य आहे, पण गाडीच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा उताराकडच्या चाकाबाहेर गेली की गाडी निमूटपणे कलंडते. यावर उपाय म्हणून पुढच्या चाकांच्या रिंगांत पितळी वजने बसवली आहेत. वजन जितके खाली, तितकी गाडी स्थिर.

वाट दाखवण्यासाठी बांबूच्या काड्यांची सात गेटे रोवली आहेत. काडीला धक्का लागला, गाडी मागे घ्यावी लागली किंवा हाताने उचलावी लागली, की दंडाचे गुण चढतात, आणि ज्याचे गुण कमी तो जिंकतो. पहिल्या फेरीत मामा पाचव्या गेटापाशी तीन वेळा उलटले. भाचीने तेथे थोडा चढ तासावा असे त्यांनी सुचवले. तिने चढाला हात लावला नाही.

तिने बाजूचा काळा कातळ उचलला. सगळ्या मार्गावर न चिकटवलेला हा एकच दगड आहे, सिंहगडाच्या दगडासारखाच बेसाल्ट. तो तिने पाव वळसा फिरवून पुन्हा ठेवला, आणि गाडी पहिल्या गेटाकडे नेली.