पणजोबा गेले कधी?

नमस्कार श्रोतेहो. आजोबांपर्यंतची नावं आपण घडाघडा सांगतो. पणजोबांपाशी जरा अडखळतो, आणि पणजीचं माहेर कुठलं म्हणून विचारलं की गप्पच बसतो. घरोघरच्या वंशावळी काढून बघा, नुसते बापे! लेकी-सुना गाळलेल्या. निम्मं रक्त जिथून आलं, ते गाव कागदावर नाही.

तर शोधायचं कुठं? तीन ठिकाणं सांगतो. गावच्या जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, जमिनीचे जुने फेरफार आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या. कोतवाल बुक, फेरफार, वह्या. पहिली दोन तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात विचारायची. आता तिसऱ्याची गंमत ऐका.

आमचं मूळ गाव वाईकडचं. पणजोबा मुंबईला गिरणीत होते. ते 1918 च्या मानमोडीत गेले, असं आमच्या घरात सगळे सांगत. मानमोडी म्हणजे तो इन्फ्लुएंझा, घरंच्या घरं रिकामी करणारा. आजोबा तेव्हा दहाएक वर्षांचे. फेरफारात वारस म्हणून त्यांचंच नाव लागलेलं, ‘अज्ञान, पालन करणार आई सरस्वतीबाई’. अज्ञान म्हणजे वयात न आलेला. झालं, प्रकरण मिटलं!

पण मी कोतवाल बुक काढलं. त्या सालच्या पानांवर आजाराच्या रकान्यात ताप, ताप, ताप, खालपर्यंत तापच. पणजोबांचं नाव मात्र कुठंच नाही. म्हटलं, मुंबईत गेले असतील, मग गावात नोंद कशी असणार?

पुढं एका लग्नासाठी नाशिकला गेलो होतो. (हल्ली लग्नात जेवण चांगलं असतं, पण पंगत गेली ती गेलीच. ताट हातात धरून उभ्यानं जेवायचं, याला जेवण म्हणवत नाही मला.) तर, सकाळी रामकुंडावर गेलो. तिथं आधी गाव विचारतात, मग आडनाव. आमच्या गावचे उपाध्ये सापडले. त्यांनी लाल कापडाचं बासन सोडलं, लांबट वही काढली, पानं उलटत गेले आणि एका जागी बोट ठेवलं. शके 1845, श्रावण. पणजोबा वडिलांचं श्राद्ध करायला आले होते! खाली मोडीत त्यांची स्वतःची सही.

आता शकात 78 मिळवा. पुन्हा सांगतो, शकात 78. झाले 1923. म्हणजे मानमोडीनंतर पाच वर्षांनी हा माणूस गोदावरीत उभा राहून तर्पण करतोय, आणि गावाकडं पणजी पांढऱ्या कपाळानं शेत कसतेय.

पुढची ओळ उपाध्यांनीच वाचली. ‘कुटुंब गंगाबाई.’ आमची पणजी सरस्वती. त्याखाली मुलगे दोन. पहिलं नाव आमच्या आजोबांचं, दुसरं दत्तू. हा दत्तू आमच्या घरात कुणी कधी ऐकलेला नाही. वडिलांना फोन लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आजीनं नवऱ्याचा फोटो घरात कधी लावू दिला नाही.”

पणजीला ठाऊक होतं का? मानमोडीची गोष्ट तिनंच रचली, की मुंबईहून कुणी तसा निरोप आणला? कागद यावर काही बोलत नाहीत.

तुम्ही निघालात तर आपलं मूळ गाव पक्कं करून जा, कारण वह्या गावावरून लागतात. मोडी येत नसेल तर वाचणारा गाठा. कुणबी नोंदी शोधायला 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हापासून मोडीवाल्यांना बरे दिवस आलेत. शाळेतून मोडी काढलीच कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. आणि पूर्वज सरदार निघावा ही आशा सोडून जा. बहुतेकांचे पूर्वज कर्ज काढून बैल घेणारेच निघतात.

आणि श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणाच्या पणजीचं नाव गंगाबाई, आजोबांचं दत्तू, मूळ गाव वाईकडचं आणि बिऱ्हाड गिरणगावात असेल, तर केंद्राच्या पत्त्यावर माझ्या नावे एक पत्र टाका. नमस्कार.