उर इथली नाणेफेक

श्रोतेहो, नमस्कार.

१९२४ सालची गोष्ट. दक्षिण इराकमध्ये उर या प्राचीन शहराच्या जागी उत्खनन चाललं होतं आणि सापडलेल्या वस्तूंची परदेशी मोहीम आणि इराक यांच्यात वाटणी करायला बगदादहून पुराणवस्तू खात्याच्या संचालिका आल्या होत्या. भुंग्याच्या आकाराचा सोन्याचा एक ताईत कुणाच्या वाट्याला जावा? नाणेफेक झाली, बाई जिंकल्या आणि ताईत इराकला मिळाला. नाणं कुठलं, तर आपला रुपया! पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, जिंकला तो मुख्यतः हिंदुस्थानी फौजेच्या जिवावर. तिथल्या कूत शहराच्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या होत्या. फौजेमागोमाग रुपयाही तिकडे गेला.

या बाई म्हणजे गर्ट्रूड बेल. जन्म १८६८चा, इंग्लंडमधल्या गडगंज पोलाद-कारखानदाराच्या घरातला. ऑक्सफर्डला इतिहासात पहिला वर्ग मिळवला, फारसी शिकून हाफिजच्या कविता इंग्रजीत आणल्या, आल्प्सची शिखरं चढल्या. पण खरी ओढ वाळवंटाची. उंटांचा तांडा घेऊन त्या सीरिया, इराक पालथा घालत. उखैदिरच्या ओसाड किल्ल्याचं मोजमाप त्यांनी स्वतः केलं. १९१४ साली अरबस्तानात हाइलला पोहोचल्या, तर तिथल्या लोकांनी त्यांना काही दिवस अडकवूनच ठेवलं.

या भटकंतीत कुठल्या टोळीचं कुणाशी वैर, विहिरी कुठे, शेख कोण, हे सगळं त्यांना पाठ झालं. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारला नेमकं तेच हवं होतं. १९२१च्या कैरो परिषदेत इराकचं भवितव्य ठरवायला चर्चिल, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला लॉरेन्स यांच्यासोबत त्या बसल्या आणि त्याच ऑगस्टमध्ये अरब राजपुत्र फैसल इराकच्या गादीवर आला. आदल्याच वर्षी इंग्रजांविरुद्ध अख्खा मुलूख पेटून उठला होता, हे विसरून चालणार नाही. राजा बसवला इंग्रजांनी, आणि बाई त्यांच्याच नोकरीत होत्या. बायकांना मताधिकार नको म्हणणाऱ्या संघटनेतही त्या होत्या, बरं का!

मला त्या आवडतात त्या त्यांनी उभारलेल्या बगदादच्या संग्रहालयासाठी. १९२४चा पुराणवस्तू कायदा त्यांचाच. जुलै १९२६मध्ये झोपेच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला आणि दफन बगदादमध्येच झालं. त्यांच्या कायद्यात परदेशी मोहिमांना भरपूर वाटा मिळे. तो इराकी लोकांना खुपत होता. १९३६ साली इराकने नवा, कडक कायदा केला.