धुराला हात न लावता

(दृश्य: उंच, काळवंडलेलं दालन. मधोमध पेटलेला पेंढा.)

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातलं मिझुला. तिथल्या वनखात्याच्या अग्निविज्ञान प्रयोगशाळेत आगी मुद्दाम लावल्या जातात. २०१२ च्या अखेरीस इथे काय काय जाळलं! भाताचा पेंढा, इंडोनेशियातलं पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला, जळणारा पालापाचोळा), चुलीतली लाकडं, कचरा, अगदी टायरसुद्धा.

आगीच्या वर पालथ्या नरसाळ्यासारखं धुराडं. धूर त्यातून चढतो, आणि १७ मीटर उंचीवर त्याच्यातून आरपार जातो एक अवरक्त किरण. धुराडं रुंदीला जेमतेम १.६ मीटर, पण दोन्ही बाजूंना आरसे आहेत. त्यांच्यात उलटसुलट फिरत किरण धुरातून ५८ मीटरची वाट कापतो. वायू विरळ असला, तरी एवढ्या वाटेत गाठ पडायची शक्यता वाढते.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावरचा आलेख.)

ज्या त्या वायूचे रेणू ठरावीक तरंगसंख्येचाच (म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये किती लहरी बसतात, त्या आकड्याचा) प्रकाश शोषतात. आलेखात तिथे खाच पडते. तरंगसंख्या ७१२ च्या आसपासची ही टोकदार खाच हायड्रोजन सायनाइडची. जवळच, ७३० ला, अ‍ॅसिटिलीन. खरा वैताग पाण्याच्या वाफेचा. तिच्या रेषा जिथे तिथे घुसतात, त्या आधी हिशेबातून काढाव्या लागतात.

मग धूर नळीने यंत्रात का ओढत नाहीत? ओढतात की. पण अमोनिया नळीला आतून चिकटतो. पोचतो तो कमी, आणि तोही उशिरा. किरणाला ही अडचण नाही, त्यामुळे आग बदलली की आलेखही लगेच बदलतो. ज्वाळा असतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. धुमसायला लागलं, की कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, मिथेनॉल आणि व्हिनेगरमधलं असेटिक आम्ल. म्हणून किलोभर पेंढ्यातून अमुक इतका वायू, असा सरसकट आकडा कोणी दिला, तर आधी विचारावं: भडकून जळला की धुमसून?

(दृश्य: नेपाळ. वीटभट्टी, मग घरातली चूल.)

एप्रिल २०१५ मध्ये याच तत्त्वावरचं फिरतं यंत्र नेपाळमध्ये आलं. घरातल्या चुलीवर असलं धुराडं कुठून आणणार? इथे धूर बंद पेटीत ओढूनच घ्यावा लागला. २५ एप्रिलच्या भूकंपाने मोहीम अर्ध्यावर थांबली, पण तोवर चुलींच्या नोंदी हाती आल्या होत्या. गोवऱ्यांच्या धुरात अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी जास्त निघाले. शेणात नायट्रोजन मुळातच अधिक असतो, तोच या वाटेने स्वयंपाकघरात पसरतो.