गोरखचिंचेच्या खोडातलं पाणी

(दृश्य : वसई. निष्पर्ण गोरखचिंच, जाडजूड खोड.)

वसईत किंवा भायखळ्याच्या राणीच्या बागेत गोरखचिंच पाहिली, की कुणीतरी हमखास सांगतं, "हिच्या पोटात पाण्याची टाकी असते." सांगणारा अगदीच चुकत नाही. हे झाड मूळचं आफ्रिकेचं, आणि तिथे दुष्काळात हत्ती त्याचं खोड सोलून ओलाव्यासाठी चघळतात. पण हत्तीला मिळणारं पाणी झाडाला स्वतःला काढता येतं का?

(दृश्य : मादागास्कर. कोरडं जंगल.)

गोरखचिंचेच्या आठ जातींपैकी सहा फक्त मादागास्करमध्ये आढळतात. तिथल्या जातींच्या लाकडात पाण्याचं प्रमाण ७९ टक्क्यांपर्यंत भरलं आहे. बेटाच्या नैऋत्येला, महाफाली पठारावर, लोक जिवंत खोड आतून कोरून त्यात पावसाचं पाणी साठवतात. टाकी म्हणावी तर ही, पण ती माणसाने केलेली. झाडाचं स्वतःचं पाणी असतं पेशीपेशीत.

(दृश्य : आराखडा. माती, मूळ, खोड, पान.)

या पाण्याचा हिशेब मांडायचा कसा? १९४८ साली वनस्पतिशास्त्रज्ञ व्हान डेन होनर्ट यांनी झाडातल्या पाण्याच्या वाटेला विजेच्या मंडलाचे नियम लावले. पानातून बाष्प निघतं, वर ताण निर्माण होतो. ताणातल्या फरकाला वाटेतल्या रोधाने, म्हणजे अडथळ्याने, भागलं की प्रवाह मिळतो. सुटसुटीत गणित. फक्त यात साठा कुठेच नाही. पानाने गमावलेला प्रत्येक थेंब मुळाने त्याच क्षणी ओढायचा, असा त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात अनेक मोठ्या झाडांत सकाळी शेंड्याकडचा प्रवाह आधी सुरू होतो, बुंध्यातला मागाहून. मधल्या वेळेची गरज खोड भागवतं. म्हणून पुढच्या गणिती मॉडेलांत खोडाच्या जागी कपॅसिटर, म्हणजे मंडलात वीज साठवणारा घटक, आला.

मग एवढ्या अवाढव्य खोडाच्या झाडात तर बुंध्याला चांगलाच उशीर व्हायला हवा! हार्वर्ड विद्यापीठातल्या सहारा मून चापोटिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादागास्करमधल्या दोन जातींवर, बुंध्यात आणि वर शेंड्याकडे, रसप्रवाह मोजला. २००६ साली निष्कर्ष छापून आले. उशीर नाहीच. प्रवाह खाली-वर एकदमच सुरू होत होता.

(दृश्य : लाकडाचा आडवा छेद.)

साठा होता, पण साठ्याच्या पेशींपासून जलवाहिन्यांपर्यंतची वाट अवघड होती. शिवाय दुपारी ताण एक मेगापास्कलच्या (हे दाबाचं एकक) आसपास जायचा आणि पेशी लुळ्या पडण्याची हद्द तिथेच जवळ होती. हे लाकूड इतकं मऊ, की खोडाला ताठ उभं राहायलाही पाण्याने तट्ट फुगलेल्या पेशींचा आधार लागतो. फार पाणी उपसलं तर तो आधारच जाईल. टोकाच्या फांद्यांची गोष्ट आणखी नाजूक. ताण १.१ ते १.७ मेगापास्कलवर गेला, की वाहिन्यांत हवा शिरून त्यांची निम्मी वहनक्षमता संपते. त्यामुळे दिवस चढला की झाड पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बाष्प सोडणारी बारीक छिद्रं, आवळून घेतं.

मग हा साठा खर्च कधी होतो? पावसाळ्याच्या तोंडावर, नव्या पालवीसाठी. जमीन अजून कोरडी असताना खोडातल्या पाण्यावर पानं फुटतात, वाढतात. पण पाऊस येईपर्यंत त्यांची रंध्रं बंदच राहतात. मला ही काटकसर कुठल्याही टाकीपेक्षा थक्क करणारी वाटते.

मॉडेल करणाऱ्यासाठी मात्र ही डोकेदुखी आहे. मोठा कपॅसिटर आणि कमी रोध घातला, की संगणकातली गोरखचिंच भर कोरड्या ऋतूत रंध्रं उघडून बसते. खोडात किती लिटर पाणी आहे हा सगळ्यांचा पहिला प्रश्न; त्याच्या उत्तराने इथे फारसं काम होत नाही. ताण किती वाढल्यावर त्यातलं किती सुटतं आणि सुटायला किती वेळ लागतो, हे प्रत्येक जातीत मोजावं लागतं.

(दृश्य : जगाचा नकाशा, ८१ ठिपके.)

आणि मोजायच्या जाती पुष्कळ आहेत. २०१२ साली ८१ ठिकाणच्या वनवृक्षांच्या २२६ जातींची आकडेवारी एकत्र केली गेली. त्यांतल्या सुमारे ७० टक्के जाती धोक्याच्या ताणापासून एक मेगापास्कलपेक्षाही कमी अंतरावर जगताना आढळल्या, आणि हे चित्र कोरड्या रानांत होतं तसंच बारमाही ओल्या जंगलांतही.