खेळाच्या टेबलावरून उठताना

मित्रहो, अनोळखी माणसांबरोबर चार तासांचा रोलप्लेइंग खेळ खेळायला बसावे आणि तासाभरात लक्षात यावे की हा खेळ आपल्याला मानवणारा नाही, तर काय करावे, एवढ्या एकाच प्रश्नावर मी आज बोलणार आहे. आपल्यातले बरेचजण शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त परदेशात असतात, तिथल्या मोठ्या कन्व्हेन्शनना, म्हणजे खेळ खेळणाऱ्यांच्या मेळाव्यांना, जातात आणि परत आल्यावर फसलेल्या खेळांच्या गोष्टी सांगतात. त्या गोष्टींमध्ये जवळजवळ प्रत्येक वेळी एक वाक्य येते: ‘उठायचे होते, पण उठता आले नाही.’

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कथा पुढे नेणारा आणि खेळ चालवणारा एक गेम मास्टर असतो, चार ते सहा खेळाडू असतात, प्रत्येकाकडे आपल्या पात्राची माहिती लिहिलेला कागद असतो आणि सगळे मिळून बोलत बोलत एक कथा रचतात. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकले जातात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराला रूप आले. त्या खेळाच्या दोन कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांनी त्याआधीच, 1968 मध्ये, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहान गावातल्या हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये युद्धखेळ खेळणाऱ्यांचा एक मेळावा भरवला होता. शंभरेक माणसे आली असतील. हाच मेळावा पुढे ‘जेन कॉन’ म्हणून वाढला, 2003 पासून तो इंडियानापोलिसला भरतो आणि आता चार दिवसांत तिथे सत्तर हजारांहून अधिक लोक येतात. एवढ्या लहान मेळाव्यात कोण कसे खेळतो हे चटकन कळू शकते, त्यामुळे न पटणाऱ्या माणसाशेजारी बसणे टाळता येते. आज तुम्ही महिना-दोन महिने आधी चार ओळींचे वर्णन वाचून तिकीट काढता आणि ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशा पाच-सहा जणांसोबत अर्धा दिवस काढायला बसता. रीतीभातींची गरज इथे निर्माण होते.

आपल्यासारख्यांना उठणे विशेष जड जाते, कारण पंगतीतून मध्येच उठू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. शेजाऱ्याचे जेवण आटोपेपर्यंत रिकाम्या पानावर बसून राहणे हा संस्कार चांगला आहे, पण तो खेळाच्या टेबलाला जसाच्या तसा लावणे मला चुकीचे वाटते. रोलप्लेइंगमध्ये नुसते बसून राहता येत नाही. खेळाडूच्या बोलण्यावर कथा चालते, आणि जो मनातून उठून गेला आहे तो शरीराने बसून राहिला तरी टेबलाला काहीच देत नाही. त्याची पाळी आली की सगळे थांबतात, तो फोनमधून मान वर काढून ‘काय चाललंय?’ असे विचारतो, परिस्थिती पुन्हा सांगावी लागते आणि रंगत आलेला प्रसंग निसटतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे अक्षरशः खरे ठरते, आणि झळ भीड बाळगणाऱ्याइतकीच त्याच्या शेजाऱ्यांनाही बसते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की उठण्याचा हक्क प्रत्येक खेळाडूला आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही; सौजन्याचा प्रश्न येतो तो मागे राहणाऱ्यांचा खेळ मोडू नये यासाठी आपण काय करतो एवढ्यापुरता.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळ. खेळ सुरू होण्यापूर्वीच गेम मास्टरच्या प्रास्ताविकावरून काही गोष्टी कळतात: खेळ वर्णनात सांगितलेलाच आहे का, आपल्याला नको असलेले विषय त्यात आहेत का, त्याच्या ओळखीचे चार मित्र एकत्र येऊन बसले आहेत आणि आपण पाचवे परके आहोत का. शंका आली तर तेव्हाच उठावे. जेन कॉनला सर्वसाधारण तिकिटे, म्हणजे कोणत्याही एका खेळाशी न बांधलेली तिकिटे, घेऊन, एखादी जागा रिकामी होईल या आशेने टेबलाशेजारी उभी असलेली माणसे असतात. पहिल्या पाच मिनिटांत सोडलेली जागा त्यांना मिळते. तासाभराने सोडलेली जागा कोणाच्याच उपयोगाची नसते. ही संधी हुकली तर मध्यंतराची वाट पाहावी. चार तासांच्या खेळात पाणी पिण्यासाठी दहा मिनिटांचा विराम बहुधा घेतला जातोच, आणि तो घेतला जात नसेल तर तो मागावा. लढाईच्या ऐन मध्यावर, किंवा दुसरा खेळाडू आपल्या पात्राच्या जिव्हाळ्याचे काही बोलत असताना खुर्ची मागे सरकवणे हा मात्र अविचार आहे.

मध्यंतरापूर्वी एकदा तक्रार बोलून पाहावी, असेही मी सुचवेन. एकच खेळाडू सगळ्यांच्या वतीने बोलत असेल, तर ‘बाकीच्यांना काय करायचे आहे तेही ऐकूया का?’ एवढे शांतपणे म्हटल्याने बिघडलेला खेळ सावरू शकतो. बरेच गेम मास्टर ते ऐकतात. कन्व्हेन्शनमध्ये खेळ चालवणारी बहुतेक माणसे हौसेने येतात, प्रवेशशुल्कातली सवलत सोडली तर त्यांच्या हाती फारसे काही पडत नाही, आणि त्यांनी या चार तासांसाठी कित्येक रात्री तयारी केलेली असते. त्यांना सुधारण्याची एक संधी द्यावी. दुसऱ्यांदा सांगण्याची जबाबदारी आपली नाही.

आता प्रत्यक्ष उठण्याबद्दल. पात्राचा कागद घडी करून पिशवीत घालू नका. कन्व्हेन्शनमध्ये तो बहुधा गेम मास्टरने तयार करून आणलेला असतो आणि त्याला पुढे लागणार आहे. त्यावर पात्राचे उरलेले हिट पॉइंट, म्हणजे ते अजून किती मार सोसू शकते याचा आकडा, वापरलेली मंत्रशक्ती आणि जवळच्या वस्तू पेन्सिलीने नीट लिहा आणि कागद त्याच्या हाती द्या. जखमा भरून काढणारे पात्र सगळ्या गटात एकटे तुमच्याकडेच असेल तर ते आवर्जून सांगा, कारण पुढची लढाई त्या पात्राच्या भरवशावर आखलेली असू शकते. गेम मास्टर ते पात्र दुसऱ्या कोणाकडे सोपवील किंवा शत्रूंची संख्या कमी करील. रहस्यकथेच्या खेळात हे अधिकच खरे. तिथे खेळाडूंना अनेकदा वेगवेगळी गुपिते दिलेली असतात, आणि तुमच्याकडचा धागा तुमच्याबरोबर दाराबाहेर गेला तर उरलेल्या चौघांना रहस्य सुटणारच नाही. गेम मास्टरला बाजूला घेऊन ‘माझ्याकडे हे पत्र होते, ते अजून कोणाला दाखवलेले नाही’ असे सांगायला अर्धा मिनिट लागतो. उसने घेतलेले फासे परत करा.

बोलायचे ते दोन वाक्यांत. ‘हा खेळ माझ्यासाठी नाही असे दिसते, मी निघते. तुमचे चालू राहू द्या.’ यापलीकडे कारण देऊ नये आणि कोणी मागूही नये. टेबलाशी उभे राहून केलेले परीक्षण कितीही अचूक असले तरी ज्यांना तो खेळ आवडतो आहे त्यांच्या आनंदावर पाणी पाडते. पुष्कळजण घरून फोन आल्याचे निमित्त सांगतात. त्याला मी मोठे पाप मानत नाही, तरी ते टाळावे असे मला वाटते, कारण तासाभराने तोच गेम मास्टर प्रदर्शनाच्या दालनात आपल्याला खेळांचे डबे न्याहाळताना पाहतो, आणि त्या क्षणी त्याला होणारे दुःख सरळ नकारापेक्षा अधिक असते.

इथवर मी बोलले ते रटाळ, विस्कळीत किंवा न जुळणाऱ्या खेळांविषयी. जिथे खेळाडूला इजा पोहोचते तिथे यातला एकही नियम लागू होत नाही. 2019 मध्ये बर्मिंगहॅमच्या ‘यूके गेम्स एक्स्पो’त एका गेम मास्टरने खेळाडूंना कोणतीही पूर्वकल्पना न देता त्यांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचाराचा प्रसंग लादला. तक्रार आल्यावर आयोजकांनी त्याचे उरलेले खेळ रद्द केले आणि त्याला बाहेर काढले. अशा टेबलावर मध्यंतराची वाट पाहू नये, कागद नीट लावत बसू नये. उठावे, शेजारी घाबरून बसला असेल तर त्यालाही ‘चल’ म्हणावे आणि थेट आयोजकांकडे जावे. खेळांचे रचनाकार जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी मांडलेले ‘एक्स-कार्ड’ आज अनेक टेबलांवर असते: इंग्रजी एक्स अक्षर काढलेला साधा कागद, त्याला हात लावला की चालू विषय तिथेच सोडायचा, कारण विचारायचे नाही. उठून जाण्यालाही हीच मोकळीक असावी, या विचारातून काही गेम मास्टर खेळाच्या आरंभीच सांगतात की दार उघडे आहे, कोणीही केव्हाही जाऊ शकतो. हे वाक्य आपल्याकडे खेळ चालवणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते ऐकलेल्या खेळाडूला भीडेपोटी तीन तास कुढत बसावे लागत नाही.

श्रोत्यांमधून एक चिठ्ठी आली आहे: मागे राहिलेल्यांनी काय करावे? चांगला प्रश्न आहे. गेलेल्या माणसाची चर्चा करू नये, गेम मास्टरची समजूत घालण्यात वेळ दवडू नये. गेम मास्टरने ‘आल्याबद्दल धन्यवाद’ म्हणून निरोप द्यावा, पाच मिनिटांचा विराम घ्यावा आणि त्या पात्राला कथेतून सन्मानाने बाजूला करावे. ते जखमींना घेऊन गावाकडे परत गेले, एवढे पुरते. पात्राला लगेच मारून टाकण्याचा मोह काहींना होतो. त्यातून राग दिसतो, आणि टेबलावर अजून बसलेल्या प्रत्येकाला कळते की आपण उठलो तर आपलेही असेच होईल.