सीटवर टाकलेला रुमाल: लाल विंचू आणि एक बारकी गोळी

(दृश्य: पहाटेची भातखाचरं, पेंढ्याची उडवी, कौलारू घर)

रायगड जिल्ह्यातलं महाड. इथं विंचू म्हणजे काही नवलाई नाही, पेंढ्यात असतो, लाकूडफाट्यात असतो, कौलांच्या फटीत असतो, कधी सकाळी चपलेत पण सापडतो. काळा मोठा विंचू दिसायला भयंकर, चावला की माणूस रात्रभर ओरडतो, पण शक्यतो जीव घेत नाही. जीव घेतो तो हा, बोटाएवढा, तांबूस.

सत्तरच्या दशकात इथल्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिंमतराव बावस्कर आले तेव्हा लाल विंचवाची गंभीर केस म्हणजे शंभरातले २५-३० दगावायचे, आणि त्यात लहान पोरं जास्त. बावस्कर रात्र रात्र पेशंटजवळ बसून काय होतंय ते लिहून ठेवायचे. आधी उलट्या, मग घाम इतका की अंथरूण ओलं, मग हातपाय गार, एकदम बर्फ, बीपी वर, मग धाप, आणि शेवटी तोंडातून गुलाबी फेस. या सुरुवातीच्या खुणांवरचा त्यांचा पेपर १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आला, महाडमधून!

(दृश्य: ॲनिमेशन, नस आणि रक्तवाहिनी)

आता खरी भानगड अशी आहे की या सगळ्यात विष स्वतः फार थोडं करतं. ते नसांवरची, म्हणजे मज्जातंतूंवरची, सोडियमची दारं धरून ठेवतं, बंदच होऊ देत नाही, त्यामुळे नसा नुसत्या पेटत राहतात आणि आपल्याच शरीरातलं, घाबरल्यावर सुटतं ते ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिन पूर आल्यासारखं रक्तात सुटतं. म्हणजे मारतंय कोण, तर घरचंच माणूस.

पण नॉरॲड्रिनलिन नुसतं रक्तात फिरून काही होत नाही, त्याला बसायला जागा लागते. तीच रिसेप्टर. पेशीवर अशी काहीतरी घेणारी वस्तू असणार हे केंब्रिजच्या लँगली नावाच्या शास्त्रज्ञानं १९०५ साली निकोटिन आणि कुरारी हे विष स्नायूवर लावून बघून सांगितलं होतं, तेव्हा रिसेप्टर कोणी डोळ्यानं बघितलेला पण नव्हता. मग १९४८ मध्ये अमेरिकेत आल्क्विस्ट नावाचा शास्त्रज्ञ म्हणाला की ॲड्रिनलिनच्या जागा एका प्रकारच्या नाहीत, दोन आहेत, अल्फा आणि बीटा. त्याचा पेपर आधी एका जर्नलनं परत पाठवला होता, असो.

कॉलेजात हे सगळं कुलूप-किल्ली म्हणून शिकवतात. मला ते कधी पटलं नाही, किल्ली काय एकदा फिरवली की काम संपलं. त्यापेक्षा एसटी बघा. सुट्टीतला स्टँड, गाडी लागली, आणि बाहेरूनच खिडकीतून कोणीतरी सीटवर रुमाल टाकला. रिसेप्टर म्हणजे ती सीट, आणि सीटखाली घंटीचं बटण आहे असं धरा. नॉरॲड्रिनलिन हा वजनदार प्रवासी, तो बसला की बटण दाबलं जातं आणि घंटी वाजते. हा झाला ॲगोनिस्ट. रक्तवाहिनीवरच्या अल्फा-१ (अल्फाचाच एक पोटप्रकार) सीटवर घंटी वाजली की आत कॅल्शियम वाढतं आणि वाहिनी आवळते. सगळ्या अंगभर एकदम आवळल्या तर? हातापायाला रक्त नाही म्हणून ते गार, हृदय बंद दारावर धडका मारल्यासारखं ढकलतंय, दमतं, आणि पाणी मागे फुप्फुसात साचतं. तोच तो गुलाबी फेस.

आणि रुमाल? रुमालाला जागा धरता येते, म्हणजे अफिनिटी आहे, पण वजन नाही, घंटी वाजत नाही, म्हणजे एफिकसी शून्य. हा अँटागोनिस्ट. बावस्करांनी जे वापरलं ते प्राझोसिन म्हणजे नेमका हा रुमाल, तोही फक्त अल्फा-१ च्या सीटवर टाकायचा. गोळी होती बीपीची, विंचवासाठी कोणी बनवलीच नव्हती. ती विषाशी भांडत नाही, विषाला हातही लावत नाही, फक्त जागा अडवून बसते. गंभीर केसेसमधले मृत्यू शंभरात एक-दोन-तीनावर आले.

(दृश्य: सलाईनचा थेंब, डॉक्टरचा हात पोराच्या पावलावर)

इथं सीट चुकली तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. नाडी जोरात पळतेय म्हणून कोणाला वाटेल बीटा ब्लॉकर, म्हणजे बीटाच्या सीटवरचा रुमाल, द्यावा, ऐकायला बरोबर वाटतं, पण काही रक्तवाहिन्या बीटामुळेच सैल राहतात आणि दमलेलं हृदयही बीटाच्याच जोरावर पंप करत असतं, ते पण बंद केलं की अल्फाला मोकळं रान. पेशंट आणखी बिघडतो. औषध वाईट नाही, सीट चुकीची.

रुमालाचा आणखी एक स्वभाव आहे. गर्दी वाढली की कोणीतरी तो उचलून बाजूला टाकतो आणि बसतो. प्राझोसिन असंच आहे, नॉरॲड्रिनलिन खूप असेल तर ते त्याला हटवू शकतं, शिवाय औषध हळूहळू शरीरातून जातंच, आणि विष आत आहे तोवर पूर चालूच. म्हणून एक डोस देऊन भागत नाही, दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. विष पकडायचं काम वेगळं, ते विंचवाच्या लसीचं, म्हणजे विष उतरवणाऱ्या इंजेक्शनचं. महाडमध्येच केलेल्या आणि २०११ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात नुसत्या प्राझोसिनवर बरं व्हायला सरासरी १८ तासांच्या आसपास लागले, लस जोडीला दिली तर ८.

आणि हो, व्हिडिओ बघून गोळी घरात आणून ठेवू नका, बीपी झपकन पडतं, विशेषतः पहिल्या डोसला, आणि त्यातही उठून बसलं की. वॉर्डात म्हणूनच हे भांडण नेहमीचं, पोरगं रडतंय, आईला त्याला कडेवर घ्यायचंय, आणि सिस्टर सांगतेय की नाही बाई, आडवंच राहू दे, उचलू नको. मग आई पायथ्याशी बसते आणि पावलं हातात धरून ठेवते, अजून गार आहेत का ते बघत.